गुरांच्या बोटीचं तिकीट

बाबांच्या उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं साखर कारखान्याच्या चरकाने माझ्या जन्माआधीच नेली होती. उरलेल्या दोन बोटांनी ते कुदळ धरत, विळा धरत, चहाचा पेला धरत आणि रागावले की माझा कानही नेमका धरत. पण मातीला सगळी बोटं लागतात. सोंड वळवायला तर लागतातच. डाव्या हाताने त्यांनी पूर्वी करून पाहिलं होतं म्हणे, पण तो हात ‘नुसता ओझी वाहायचा’ असं तेच म्हणत. म्हणून मी शाळेत जाऊ लागले त्या सुमारापासून आमच्या घरचा गणपती माझ्या हातांनी आणि बाबांच्या तोंडाने व्हायचा.

चतुर्थीला आठवडा उरला की आम्ही दोघं गावामागच्या नदीच्या वळणावर जायचो. तिथली माती काळपट, चिकट, हातावर घेतली की थंडगार. ती गोणीत भरून आणायची, मुळं आणि खडे वेचायचे, पायांनी तुडवायची आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवायची. मग एके दिवशी मी पाटावर बसायची आणि बाबा माझ्या पाठीमागे. बाहेर उसाची तोडणी चालू असायची, लॉऱ्या धडधडत जायच्या, कारखान्याचा भोंगा व्हायचा, सगळ्या गावाला काकवीचा वास सुटलेला असायचा. स्वयंपाकघरात आईच्या रोश कारीवर, म्हणजे आमच्या पाट्यावर, मसाला वाटल्याचा खरर खरर आवाज. आणि कानाशी बाबा. “पोट अजून मोठा कर गो. उपाशी ठेवतंस काय त्याला? कान खाली घे. खाली बोललो ना! तो ऐकनारा देव हाय.” मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. वर्षातल्या बाकीच्या दिवसांत बाबा माझ्याशी इतकं बोलत नसत.

घरचा गणपती घरच्या हातचा, हा नियम पणज्याचा. तो रत्नागिरीकडून बोटीने या बेटावर ऊस तोडायला आला तेव्हा त्याच्या बोचक्यात देव नव्हता, आणि इथे देव विकायलाही कोणी बसलं नव्हतं. तेव्हा त्याने नदीवरची माती उचलली. गावातले काही जण तेव्हा शहरातून रंगवलेली मूर्ती आणू लागले होते. बाबा त्यांच्या घरी जाऊन नीट हात जोडत आणि परतताना मला म्हणत, “लाबुतिकचा देव.” लाबुतिक म्हणजे दुकान. एका वर्षी मला गोवर आला तेव्हा माझ्या थोरल्या भावाने गणपती करायला घेतला. आई म्हणाली, भोपळा झालाय. बाबांनी सोंड लावून घेतली, तर सोंडवाला भोपळा झाला. शेवटी मला तापातून उठवून पाटावर बसवलं. व्हॉलीबॉलच्या गोष्टीत ही माती कुठून आली असं वाटेल, म्हणून एवढं आधी सांगून ठेवते.

आमच्या कांप दे मास्क गावात संध्याकाळी बैठकेत, म्हणजे गावच्या सभाघरात, मराठीचा वर्ग भरायचा. आम्ही दहा मुली होतो. वर्ग सुटला की बैठकेमागच्या अंगणात दोन बांबू रोवून आम्ही व्हॉलीबॉल खेळायचो. जाळं मासे धरायचं होतं, एका कोळ्याने टाकून दिलेलं; पहिले काही महिने त्याला खवले निघायचे. आम्हाला खेळ शिकवणारे महादूकाका हे बाबांचे चुलतभाऊ, बसवर कंडक्टर. कोच तेच, मॅनेजर तेच आणि खजिनदारही तेच. दिवसभर लोकांकडून सुटे पैसे घेण्यात गेलेला हा माणूस संध्याकाळी एक पैसा सोडायला तयार नसायचा. आमच्या अंगातले खेळाचे शर्ट पिठाच्या गोणींच्या कापडाचे होते. माझ्या आईने ते शिवले आणि निळीत बुडवून रंगवले, पण गोणीवरचा शिक्का काही जाईना. बहुतेकींच्या पाठीवर पुसट अक्षरं होती. आमच्यातली सगळ्यात उंच अनुसूया. तिच्या पाठीवर गोणीचं वजनच छापलेलं राहिलं होतं. गावातली पोरं तिला ‘सेंकांत किलो’, पन्नास किलो, म्हणून हाका मारायची. ती आता आजी झाली आहे आणि खरोखर त्याच्या दीडपट आहे. हे तिने वाचलं तर मला फोन करील.

पण काकांच्या काटकसरीचा खरा कळस म्हणजे बूट. त्यांचं म्हणणं, मैदानात सहाच जणी असतात, मग दहा जोड कशाला? त्यांनी आमचे ओले पाय जमिनीवर उठवून मापं घेतली आणि सहाच जोड आणले. चौघींना बुटांच्या जोडीदारणी मिळाल्या. माझी जोडीदारीण सुमित्रा. मी बाहेर आले की मी बूट काढायचे आणि तिने ते घालून आत धावायचं. हा बदल झटपट व्हावा म्हणून काकांनी आमच्याकडून त्याचाही सराव करून घेतला. सर्व्हिसचा सराव तेवढा झाला असता तर बरं झालं असतं.

एके दिवशी काका वर्ग चालू असतानाच आत आले. मुलींच्या संघांची स्पर्धा रॉड्रिग्जला होणार होती आणि आम्हाला बोलावणं होतं. रॉड्रिग्ज आमच्याच देशाचं धाकटं बेट, पण दूर, बोटीने दोन दिवसांवर. आता माझी नात सकाळचा चहा पिऊन विमानात बसते आणि जेवायला तिथे पोचते. तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींनी राजधानी पोर लुईसुद्धा दोनचारदाच पाहिलं होतं. राहायला शाळेची खोली मिळणार होती. बोटीचं भाडं आणि जेवणखाण आमचं. मग तीन महिने आम्ही पैसे जमवले. लोकांच्या वांग्याच्या मळ्यात खुरपणी केली. रविवारी फुटबॉलच्या मैदानावर गातो पिमा विकले. डाळ भिजवून, वाटून, मिरची घालून तळलेली ती भजी आम्हीच तळायचो आणि आम्हाला एकही खायची मुभा नसायची. सगळे पैसे दुधाच्या पावडरच्या एका डब्यात जायचे आणि डबा काकांच्या खाटेखाली. उरलेल्या पैशांत खरंखुरं जाळं आणि नवे चेंडू घ्यायचे ठरलं होतं.

परत यायला दोन बोटी होत्या. नेहमीची बोट आम्हाला चतुर्थीच्या चांगली आठवडाभर आधी घरी आणणारी होती. पण तिच्यामागून रॉड्रिग्जची गुरं घेऊन येणारी बोट निघायची, आणि तिच्या डेकवर बसायला निम्मं भाडं पडायचं. काकांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या लावारांगवर, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसले. बाबा विळ्याला धार लावत होते.

“दादा, पोरीला पाठव. तिच्याबिगर खेळ नाय. बॉल उचलून देनारी तीच.”

“पाठवीन. गनपतीच्या आधी येनार काय?”

“आदल्या दिवशी सकाळी पोर लुईला उतरू. दुपारी घरात.”

“आदल्या दिवशी? आणि ती दुसरी बातो? आधीची?”

“ती म्हाग हाय, दादा. दहा पोरी, मी, सोनूताई. निम्मा लार्जां वाचतो.” बातो म्हणजे बोट, लार्जां म्हणजे पैसे.

बाबांनी विळा मांडीवर ठेवला. मी दाराआडून पाहत होते. मला जायचं होतं, फार जायचं होतं. आणि मी नसले तर माती तशीच राहील हेही मला पक्कं ठाऊक होतं.

“महादू,” बाबा म्हणाले, “एक दिस पुरतो मला. तिचा हात चालू हाय आता, एका दुपारात करील. पन त्या दुपारी ती हितं पाहिजे. वर्स चुकला नाय अजून या घरात.”

“दादा, माझी जबान.”

सोनूताई म्हणजे माझी सोनूमावशी, आईची थोरली बहीण. विधवा, मूलबाळ नाही, बोलायला फटकळ. दहा मुलींबरोबर एक बाईमाणूस हवं, आणि तेच बाईमाणूस स्वयंपाकही करणार असेल तर काकांच्या दृष्टीने सोन्याहून पिवळं. तिने अट घातली की गणपतीच्या आधीचे दिवस आहेत, सगळ्यांनी कारेम पाळायचं; मासमच्छी बंद. काका खूश झाले. तांदूळ, मसूर, बटाटे आणि आंब्याचं लोणचं, एवढ्यात सगळी मोहीम निभावणार होती. “देवाचा पन झाला, डब्याचा पन झाला,” असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले.

जातानाच्या प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं माझ्यापाशी नाही, कारण बहुतेक वेळ मी कठड्याला धरून ओकत होते. डेकवर गोणपाट अंथरून आम्ही रांगेने पडलो होतो. एकटी सोनूमावशी ताठ बसलेली. जन्मात समुद्रात गुडघ्यापलीकडे न गेलेली ती बाई रॉकेलच्या स्टोव्हपाशी पाय पसरून फराट्याला, म्हणजे पराठ्याला, लोणचं लावून खात होती आणि म्हणत होती, “काय गो, सगळ्या मेल्या की काय? मग तुमच्या वाटचा मी खातो.” दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला. मग अनुसूयाने पत्र्याची बादली उलटी करून वाजवली आणि आम्ही डेकवर जाखडी धरली. गणपतीत घराघरांतून फेर धरून नाचतात तीच. खलाशी टाळ्या वाजवत होते. काकांनी मध्येच आम्हाला थांबवून बूट काढून नाचायला लावलं. तळवे झिजतात म्हणून.

रॉड्रिग्ज मला आठवतं ते वाऱ्याचं. ऊस नाही, म्हणून सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. उघडे डोंगर, दगडांच्या बांधांआड मका, दारोदारी दोरीवर वाळत घातलेले उरीत. उरीत म्हणजे आठ पायांचा तो समुद्रातला प्राणी. ओहोटीला तिथल्या बायका गुडघाभर पाण्यात काठी घेऊन जातात आणि तो टोचून आणतात. आम्ही उतरलो त्या शाळेजवळच राहणारी मादाम लिझेत त्यांच्यातली एक. तिच्या दोन मुली तिथल्या संघात होत्या. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी ती डोक्यावर मोठं पातेलं घेऊन आली. झाकण काढलं, तर उरीतची कढी. लसूण, आलं, थाईमची पानं. दोन दिवस पोटात काही न टिकलेल्या आम्ही दहा जणी पातेल्याभोवती उभ्या राहिलो आणि मग सगळ्यांनी एकदम मावशीकडे पाहिलं.

मावशीने हात जोडले आणि मान हलवली. लिझेतचा चेहरा पडला. विकायला ठेवलेला तो प्राणी तिने न विकता आमच्यासाठी शिजवला होता, हे तिच्या धाकटीने मला नंतर सांगितलं. काका मध्ये पडून काहीबाही बोलू लागले, आम्ही आमचं सामान आणलंय, उगाच तुम्हाला खर्च, वगैरे. ते ऐकून ती आणखीच दुखावली. मग मावशी काकांना बाजूला सारून पुढे झाली आणि म्हणाली, “नू दां कारेम, मादाम.” आम्ही कारेममध्ये आहोत. लिझेतने कपाळावर हात मारला. “कारेम! आयो, मो तिफी, माझे पोरी, आधी सांगायचं!” असं ती तिच्या क्रेओलमध्ये म्हणाली आणि मावशीला मिठीच मारली. ती ख्रिस्ती, तीही ईस्टरच्या आधी कारेम पाळायची; उपास म्हटल्यावर तिला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. पातेलं गेलं. अर्ध्या तासात तेच पातेलं मका आणि लाल घेवडा भरून परत आलं. त्या वासाने मात्र आम्हाला बराच वेळ छळलं.

सामने मैदानावर चुन्याच्या रेघा मारून झाले. बुटांचा प्रकार पहिल्याच सामन्यात उघडकीला आला. काकांनी मला बाहेर बोलावलं, मी रेघेवर बसून बूट काढू लागले, सुमित्रा शेजारी अनवाणी वाट पाहत उभी. शिट्टीवाला मास्तर धावत आला. “की झोत पे फेर ला?” काय चाललंय हे? काकांनी गंभीरपणे सांगितलं की हा आमचा बदल आहे. लोक इतके हसले की मास्तरही हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर कुंपणाला लागून पोरं ‘सुलिये! सुलिये!’ म्हणजे बूट, बूट, असा आमच्या नावाने गजर करत होती. हसू येत होतं तरी आम्ही दोन सामने जिंकलो आणि उपांत्य सामन्यात लिझेतच्या मुलींकडून हरलो. हरलो ते बुटांमुळे नाही. त्या चांगलं खेळल्या. मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. खेळ हातात नुकता बसू लागला होता आणि घरी माती वाट पाहत होती.

मग गुरांच्या बोटीची वेळ आली आणि बोट निघाली नाही. वारा उठला होता. गुरं धक्क्यावर आणून बांधलेली, पण बोट इतकी हिंदकळत होती की ती चढवता येईनात. उद्या, म्हणाले. उद्याचा परवा झाला. आमची नेहमीची बोट केव्हाच निघून गेली होती. मी रोज सकाळी धक्क्यावर जाऊन गुरांकडे बघत उभी राहायची. त्या मुक्या जनावरांचा मला इतका राग कधी आला नव्हता. हातांना सारखी माती आठवायची. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या दिसला तरी बोटं वळवळायची. काका माझ्याकडे बघायचं टाळत होते. बाबांना जबान त्यांनी दिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरून बरोबर आणलेला तो पैशांचा डबा काखेत मारला आणि मला म्हणाले, “चल.”

“कुठं, काका?”

“अविओंच्या हाफिसात.” अविओं म्हणजे विमान.

मला आधी कळलंच नाही. बेटावर एक छोटं विमान यायचं; त्याचं भाडं म्हणजे आमचं जाळं, चेंडू आणि पुढच्या वर्षीचंही सगळं. मी म्हटलं, काका, जाळ्याचे पैसे आहेत. ते चालतच राहिले. “जाळा मासंवाल्याचा हाय अजून,” म्हणाले, “तो चालतो.” बाकीच्या मुली मागून आल्या. कुणी नको म्हणालं नाही. अनुसूयाने तर तिच्या आईने दिलेली नोटही डब्यात टाकली, म्हणाली, “जा गो, नायतर तुझा बाप आम्हाला गावात घेनार नाय.” मला रडू आलं आणि तिने माझ्या पाठीत धपका घातला.

कचेरीत काकांनी डबा टेबलावर पालथा केला. सुट्या नाण्यांचा ढीग झाला, आणि त्याला तेलाचा वास येत होता, गातो पिमाचा. टेबलामागचा माणूस भला होता. त्याने नाण्यांना हात लावला नाही. बोट अडकल्यामुळे विमान आठवडाभर भरलेलं आहे, एकही जागा नाही, त्याने सांगितलं. काका पुन्हा विचारत राहिले, उभ्याने जाईल, मांडीवर बसेल, लहान आहे. मी तेव्हा सोळा वर्षांची घोडी होते. “पा पोसिब, मेस्ये,” तो माणूस म्हणत राहिला. जमणार नाही. मग काका एकेक नाणं डब्यात परत टाकू लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते आपण होऊन पैसे खर्च करायला निघाले होते आणि कुणी ते घेतले नाहीत. मी त्यांना नाणी गोळा करायला मदत केली. त्या दिवसापासून मी काकांना कंजूष म्हटलं नाही. दुसऱ्यांनी म्हटलं की भांडले मात्र.

तिथूनच आम्ही तारेच्या खिडकीवर गेलो. काकांनी पूर्ण मजकूर फ्रेंचमध्ये तयार केला आणि मग शब्दामागे दर कळल्यावर एकेक शब्द गाळू लागले. शेवटी उरलं, ‘बोट उशिरा’. दहा घरांना मिळून एकच तार, गावच्या टपाल कचेरीच्या पत्त्यावर.

आमचं सामान संपलं होतं. शेवटचे दिवस आम्ही लिझेतच्या मक्यावर काढले. बोट निघाली ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी. लिझेत धक्क्यावर आली आणि मावशीच्या हातात कापडात बांधलेलं मक्याचं पीठ दिलं. चतुर्थीची सकाळ आम्हाला भर समुद्रात उजाडली. एका बाजूला आम्ही, मध्ये दोरी, पलीकडे गुरं. शेण, पेंढा आणि खारा वारा. मावशीने स्टोव्ह पेटवून त्या पिठाच्या पाऱ्या केल्या, आत गूळखोबरं घातलं आणि मोदक उकडले. ते फुटले. फुटलेलेच तिने पानावर मांडले आणि पूर्वेकडे हात जोडून उभी राहिली. आरतीला आम्ही सगळ्या होतो. ‘दर्शनमात्रे’पर्यंत मी म्हणत होते, पुढे नुसतीच रडले. घरी या वेळी काय असेल ते मला दिसत होतं. रिकामा पाट. आणि बाबा त्या पाटामागे बसलेले.

“रडू नको,” मावशी म्हणाली. “तुझ्या बापाला मी सांगतो. महादूला पन सोडनार नाय.” काका ऐकत होते. त्यांनी हातातला मोदक तसाच खाली ठेवला.

पोर लुईला उतरलो ती दुसऱ्या दिवसाची दुपार. बसमध्ये लोक आमच्यापासून सरकून बसत होते. आमच्या अंगाला गुरांचा वास होता. गावाच्या अलीकडे पूल लागतो. पुलाखाली नदीत झेंडूची फुलं अडकलेली, काठावर गुलाल, केळीची पानं. दीड दिवसाचं विसर्जन होऊन गेलं होतं. बसमधून उतरल्यावर मुलींनी आपापल्या घरी जायचं होतं, पण त्या गोणी घेऊन माझ्यामागूनच चालत राहिल्या. काका सगळ्यात मागे, डबा काखेत.

दार उघडं होतं. पडवीत कागदी साखळ्या लावलेल्या, बांबूच्या कमानीला उसाची पानं बांधलेली, समयी चालू. मखरात पितळी ताट, आणि ताटात ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा एक मोठा गोळा. त्यावर जास्वंदीचं फूल. फडक्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

आई बाहेर आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला. “काल आरती पन त्याच्याच म्होरं केली,” ती हळूच म्हणाली. “लोक हसले. शहरातनं मूर्ती आन बोलले, सुपारी ठेव बोलले, पोराला बसव बोलले. ऐकतोय कोन? दर घटकेला उठतो आनि पानी शिंपतो. झोपला नाय.”

बाबा मागच्या दाराने आले. त्यांच्या हातात तांब्या होता. काका पुढे झाले, “दादा, माझी चूक. ती म्हाग बातो...” पण बाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“हात धुवून ये,” ते म्हणाले. “माती वली हाय.”

मी प्रवासाच्या कपड्यांनीच पाटावर बसले, पाठीवर पिठाच्या गोणीचा शिक्का. बाबा माझ्यामागे. दारात नऊ मुली, मावशी, काका. फडकं सोडलं, तर माती लोण्यासारखी मऊ होती. मी दोन्ही हात मातीत घातले. पाय झाले, मांडी झाली. “पोट अजून,” कानाशी आवाज आला. “दोन दिस दर्यावर उपाशी होता तो.” मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि पोट मोठं केलं. सोंड वळवताना त्यांनी त्यांची करंगळी माझ्या बोटाशेजारी टेकवली. आजही दरवर्षी सोंड वळवताना तिथे मला काहीतरी टेकल्यासारखं होतं.

मूर्ती मखरात बसवली तोवर दिवेलागण झाली होती. आवाज ऐकून शेजारचे शंकरभाऊ कुंपणाशी आले. सज्जन माणूस, पण पंचांगाचा पक्का. “काय रं,” ते म्हणाले, “चतुर्थी काल झाली. लोकांचं देव नदीत गेलं, आनि तू आता बसवतोस?”

बाबांनी मान वर केली नाही.

“बातो उशिरा आली,” ते म्हणाले. “गनपती पन त्याच बातोवर होता.”

आणि त्या दोन बोटांत काडी धरून त्यांनी कापूर पेटवला.